तीन केसांची ढील

तारमावशीने श्वास सोडला की खोलीतल्या बाकीच्यांना कळे, तार लागली. मान वर न करता कुणीतरी म्हणे, "लागली." आणि खोली पुन्हा आपापल्या कामात बुडून जाई. एकतीस वर्षे हे असेच चालले होते. "लागली" म्हणणारी माणसे बदलली, खुर्च्या बदलल्या, भिंतींचा रंग दोनदा बदलला. श्वास तोच होता.

तिचे काम सांगायला सोपे आणि करायला महाकठीण. मोहरीच्या दाण्याहून लहान असा लेसरचा तुकडा, त्याला सगळे चिप म्हणत. त्या चिपला वीज पोचवायची तर सोन्याची तार जोडावी लागते, आणि ती तार माणसाच्या केसाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी बारीक. सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसायचे. यंत्राची सुई खाली आणून तार चिपवरच्या सोनेरी ठिपक्याला टेकवायची. यंत्र क्षणभर थरथरते आणि तार चिकटते. मग सुई उचलून पलीकडच्या पट्टीवरच्या ठिपक्यावर न्यायची, टेकवायची, आणि तार तोडायची. एवढेच. पण मधे श्वास घेतला तर हात हलतो, आणि हात केसभर जरी हलला तरी दुसऱ्या कुणीतरी महिनाभर खपून केलेली चिप मातीमोल होते. म्हणून ती श्वास धरून ठेवी. नव्या माणसांना पहिल्या दिवशी वाटे, ही बाई आता घेरी येऊन पडणार.

खरे नाव हजेरीपटावरच राहिले होते. साहेबांपासून झाडणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांची ती तारमावशी. लग्न केलेले नव्हते. भाऊ आणि वहिनी यांच्या घरी मागची खोली तिची, खिडकीपाशी एक टेबल आणि टेबलावर काहीच नाही. टेबलावर पसारा असलेला तिला खपत नसे. कामावर मात्र तिची एक जाड वही असे. लावलेल्या प्रत्येक तारेची त्यात नोंद: तारीख, चिपचा क्रमांक, तारा किती, कशासाठी. वही भरली की नवी. अशा बावीस वह्या कपाटात होत्या आणि एकाही वहीत एकही रकाना रिकामा नव्हता.

या तारांतून पुढे काय जाते, हे तिला पहिली कित्येक वर्षे नीटसे माहीत नव्हते. ते सांगितले डॉक्टरीणबाईने. ही चौतीस वर्षांची मुलगी लेसरवर डॉक्टरेट करून आली होती. सर्दी झाली की कुठली गोळी घ्यायची, हे मात्र तारमावशीला विचारी.

"मावशी, लेसर म्हणजे नुसता दिवा," ती एकदा चहा पिता पिता म्हणाली. "उजेड वाढतो, कमी होतो, वाढतो, कमी होतो. सगळा मजकूर त्यातच. काचेच्या धाग्यातून तो उजेड दूर जातो आणि तिकडे एक यंत्र वाचत बसलेलं असतं. वाढला की एक, कमी झाला की शून्य."

"म्हणजे पापण्या मिचकावून बोलायचं."

"अगदी तेच. फक्त सेकंदाला पंचवीस अब्ज वेळा."

"अहो, मग डोळे दुखतील त्याचे! आणि दर वेळी विझवता?"

"छे, विझवायचा नाही कधी. पूर्ण विझला की पुन्हा उजळायला वेळ लावतो. गाढ झोपलेल्याला उठवण्यासारखं. म्हणून मंद ठेवायचा. मंद, मोठा, मंद, मोठा. विझू मात्र द्यायचा नाही."

तारमावशीने चहा संपवला. कप विसळून पालथा घातला आणि जागेवर जाऊन बसली.

पंचवीस अब्ज हे त्यांना गाठायचे होते. गाडी अडली होती अठरावर. अठराच्या वर नेले की वाढ आणि घट एकमेकांत मिसळत. घाईघाईने बोलणाऱ्याचे शब्द एकमेकांत अडकावेत तसे. पलीकडच्याला एक कुठला आणि शून्य कुठले, काही कळेना. पाच महिने सगळे चिपच्या मागे हात धुऊन लागले होते. चिप आखूड केली, आतले थर बदलले, तिला थंड ठेवून पाहिले. दर वेळी नवी चिप येई, दर वेळी तारमावशी श्वास धरी, आणि दर वेळी चाचणीत घोडे अठरावरच पेंड खाई.

"खोट चिपमध्येच आहे," साहेब म्हणाले. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"तारा एकदा तपासायच्या का?" कोपऱ्यातून कुणीतरी हळूच विचारले.

"तारांचं नाव काढू नका. एकतीस वर्षांत मावशींची एक तार सुटलेली नाही. आधी स्वतःच्या पायाखाली बघा."

ते खरेच होते. तिची तार सुटत नसे, कारण ती ताणून लावलेली नसे. चिपवरून निघून पलीकडे उतरताना तार मधे एक सुरेख कमान घेई, लहानशा पुलासारखी. ती कमान तिला शिकवली होती मास्तरांनी.

मास्तर म्हणजे या बाकावर तिच्याआधी बसणारा माणूस. त्याला सगळे ढीलमास्तर म्हणत, कारण चालणे सावकाश, बोलणे सावकाश, आणि उठताबसता एकच उपदेश: ढील ठेवा. ती सव्वीस वर्षांची असताना त्याच्या हाताखाली शिकायला आली तेव्हा तो बत्तीसचा होता. पहिल्याच आठवड्यात त्याने तिची ताठ लावलेली तार पाहिली आणि मान हलवली.

"तापलं की सगळं फुगतं, गार झालं की आकसतं. ताठ तार असली की तुटते. ढील ठेवा थोडी."

"थोडी म्हणजे किती?"

"तीन केस उंच."

"कुणाचे केस?" तिने अगदी मनापासून विचारले होते. खोलीत हशा पिकला. मास्तर कानापर्यंत लाल झाला.

"तुमचेच चालतील," तो म्हणाला.

तिने वेणीतला एक केस उपटला, त्याचे तीन तुकडे करून एकावर एक ठेवले आणि कमानीशेजारी धरून मोजले. तेव्हापासून तिचे माप तेच. कागदावर मिलिमीटरचे सहस्रांश लिहावे लागत ते ती लिही. मनात मात्र तीन केस. पुढे केस पांढरे झाले तेव्हा तिने एक दिवस काळा आणि पांढरा शेजारी ठेवून पाहिले होते. जाडीत फरक नव्हता.

मास्तर सगळ्यांना तुम्ही म्हणे. तिलाही. पण यंत्राच्या आवाजात दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात तो कधीकधी म्हणे, "चांगली लावलीस." त्या एका "स"साठी ती दिवसभर वाट पाही. याहून पुढे तीन वर्षांत काही घडले नाही, आणि घडायचे काही राहिलेही नव्हते. मग त्याला परदेशात काम मिळाले. दोन वर्षांसाठी, असे तो म्हणाला. त्याच्या बाकावर ती बसली.

तीन पत्रे आली. पहिल्या दोन पत्रांना तिने त्याच आठवड्यात उत्तर दिले. तिसऱ्यात त्याने लिहिले होते, "इथे माझ्या शेजारच्या बाकावर जागा आहे. येतेस का? नाही म्हटलेस तरी चालेल, पण कळव." हे पत्र आले त्याच्या आदल्याच आठवड्यात तिच्या वडिलांचे उजवे अंग गेले होते. तिला वाटले, बाबा जरा उठून बसू देत, मग लिहू. 'नाही' लिहायला हात धजेना आणि 'हो' लिहायला तोंड नव्हते. बाबा सहा वर्षे अंथरुणावर होते. तोवर इतका उशीर झाला होता की आता लिहायचे तर आधी उशिराचीच माफी मागायची, आणि ती कुठल्या शब्दांत मागायची हे तिला सुचेना. चौथे पत्र आले नाही. ते येणार नव्हतेच; त्याने विचारले होते, उत्तर तिच्याकडे राहिले होते. अठ्ठावीस वर्षे ते तिच्याकडेच होते. मंद.

अठरावर गाडी अडून सहावा महिना लागला तेव्हा साहेबांनी परदेशातल्या एका कंपनीशी बोलणे केले. त्यांचा लेसर पंचवीसवर चालत होता. आम्ही आमच्या चिपची माहिती देतो, तुम्ही तुमचा एक नमुना बघायला द्या, महिन्याभरात जसाच्या तसा परत करू, असे ठरले. कंपनीचे नाव तारमावशीला ओळखीचे नव्हते.

नमुना आला, आगपेटीएवढ्या धातूच्या डबीत. डॉक्टरीणबाईने झाकण काढले आणि डबी तारमावशीच्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"बघा तरी तुमच्या जातभाईचं काम. नमुने त्यांच्याकडेही हातानंच करतात म्हणे."

तारमावशीने डोळे लावले. आठ तारा होत्या. आखूड, चपट्या, जमिनीलगत उडणाऱ्या पाखरासारख्या. कमान जवळजवळ नव्हतीच. ती मनात म्हणाली, केवढी घाई. मग तिची नजर तारेच्या टोकाकडे गेली.

तार तोडली की टोकाला एक चिमुकली शेपटी उरते. तिची शेपटी सरळ असे. सगळ्यांचीच बहुधा सरळ असते. पण तोडताना मनगट किंचित डावीकडे वळवायची एका माणसाला सवय होती, आणि त्याची शेपटी स्वल्पविरामासारखी डावीकडे झुके. तिने त्याचे सगळे उचलले होते, बसण्याची पद्धत, श्वास धरणे, सुई पुसण्याची फडक्याची घडीसुद्धा. तेवढे एक वळण तिला कधी साधले नव्हते.

आठ तारा. आठ स्वल्पविराम.

"काय झालं मावशी?"

"काही नाही. काच धूसर झालीये, पुसते."

काच स्वच्छ होती. ती पुसत राहिली.

मास्तर होता. कुठेतरी एका बाकावर, त्रेसष्ट वर्षांचा, अजून श्वास धरून बसत होता. हे कळल्याचा आनंद तिला झाला आणि पाठोपाठ एक विचित्र राग आला. त्याने ढील सोडली होती. जी कमान ती अठ्ठावीस वर्षे रोज, दिवसातून तीसतीस वेळा, देवासमोर दिवा लावावा तशी लावत आली, ती त्याने कधीच टाकून दिली होती आणि तिला कळवलेही नव्हते. मग तिचे तिलाच हसू आले. कळवायचे कुणी कुणाला?

त्या दुपारी तिने जेवणाचा डबा उघडला नाही. नमुना तिरका करून तिने बाजूने पाहिला. मग आपली एक चिप तशीच तिरकी करून पाहिली. पुन्हा नमुना. पुन्हा आपली. तिला विज्ञान येत नव्हते, पण हात काय करतो हे येत होते, आणि जे दिसत होते ते न कळायला ती दूधखुळी नव्हती. बोलायचे तर पाच महिने सगळ्यांना वणवण करायला लावणारा दोष आपला, हे आपल्या तोंडाने सांगायचे. शिवाय ती कमान पुन्हा कधी लावायची नाही. न बोलावे तर कुणाला संशयही येणार नव्हता. साहेबांनी तारांचे नाव काढायलाच बंदी केली होती.

चार वाजता ती डॉक्टरीणबाईपाशी जाऊन उभी राहिली.

"तुम्ही हिशेबात तारेची लांबी किती धरलीत?"

"आराखड्यात आहे तीच. ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत. का हो?"

"आराखडा वरून काढलेला असतो. वरून कमान दिसत नाही, रेघ दिसते. या, बाजूनं बघा."

डॉक्टरीणबाईने पाहिले. बराच वेळ पाहिले. मग कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाई! ही तर जवळजवळ दुप्पट भरतेय!"

"त्यानं काय होतं?"

"तारेलाही चटचट बदलणारी वीज आवडत नाही मावशी. जितकी लांब, तितकी अडून बसते. सावकाश कामाला चालायचं ते. पण पंचवीस अब्ज म्हणजे... पाच महिने मी चिपला शिव्या घालतेय, आणि चिप बिचारी निरपराध!"

दुसऱ्या दिवशी सगळे जमले तेव्हा डॉक्टरीणबाई बोलायच्या आत तारमावशी उभी राहिली.

"खोट चिपमध्ये नव्हती. माझ्या हातात होती."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ती ढील आम्हीच मंजूर केलेली होती, मावशी. तुमच्या आधीपासून. आणि तारांचं नाव काढू नका म्हणणारा शहाणा मीच." मग त्यांनी विचारले, "पण ढीलच नसेल तर तापल्यावर तुटणार नाही का?"

"नाही. त्यांनी पलीकडची पट्टी उचलून चिपच्या पातळीला आणलीये. तारेला चढउतारच ठेवलेला नाही, मग ओढ बसणार कशानं? विचार करून केलंय." शेवटचे वाक्य बोलताना तिच्या आवाजात थोडा अभिमान आला. कशाचा, ते कुणाला कळले नाही.

आपलीही पट्टी तशीच उचलून घेतली, हात मात्र ऐकेना. मन म्हणे आखूड, आणि हात आपला उठून कमान घेई. चार दिवस ती रद्दीतल्या चिपांवर सराव करत होती. चौदा तारा तुटल्या. वहीत तिने चौदाही लिहिल्या, "तुटली, हाताची सवय." पाचव्या दिवशी तिने डोळे मिटून मास्तरचा हात आठवला, पण या खेपेला तीन केस सांगणारा नाही, तर आताचा, कुठेतरी म्हातारा झालेला. तार जमिनीलगत गेली आणि बसली. तिने श्वास सोडला. "लागली," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणाले.

चाचणीच्या वेळी पडद्यावर उजेडाच्या वाढीघटीच्या रेघा एकावर एक पडत जातात आणि मधे बदामी डोळ्यासारखी पोकळी दिसते. त्याला ते डोळाच म्हणत. डोळा उघडा असेल तर मजकूर वाचता येतो. मिटला तर सगळे मुसळ केरात. अठरा. डोळा उघडा. वीस. उघडा. बावीसला डॉक्टरीणबाईने तारमावशीचा दंड धरला. पंचवीसवर डोळा थोडा बारीक झाला, पण उघडा राहिला, आणि लुकलुकलासुद्धा नाही. साहेब चक्क टाळ्या वाजवत होते. तारमावशीने सगळ्यांकडून कौतुक घेतले, हात धुवायला म्हणून गेली आणि बराच वेळ नळ सुरू ठेवून उभी राहिली.

घरी वहिनीला तिने सगळे सांगितले. त्या पत्राची गोष्ट भावालाही माहीत नव्हती, वहिनीला होती.

"पण तेच कशावरून?" वहिनीने विचारले.

"शेपटीवरून."

"कुणाच्या?"

"तारेच्या हो."

"तारेला शेपटी असते? एकतीस वर्षं ऐकतेय तुमचं, शेपटीचं आज कळतंय. बरं, मग? पत्ता काढा. त्या डॉक्टरीणबाईला सांगा, एका मिनिटात काढून देईल."

"काय सांगू? अठ्ठावीस वर्षांपूर्वी एक पत्र आलं होतं, उत्तर द्यायचं राहिलंय?"

"हो. अस्संच."

"त्यांचं घरदार असेल वहिनी. मुलं असतील. नातवंडंसुद्धा."

"असेनात. मी कुठं वरात काढा म्हणतेय? पत्र पोचलं होतं, एवढं तरी कळू दे त्या माणसाला. अहो वन्सं, सेकंदाला अब्जांनी डोळे मिचकावणारा दिवा करता तुम्ही, आणि एका माणसाला एक होकार नाहीतर नकार कळवायला जन्म काढलात! तुमच्यापेक्षा आमचा गॅसवाला बरा, दोनदा फोन केला की तिसऱ्यांदा उचलतो."

तारमावशी हसली. मग हसणे थांबले तरी ती तशीच बसून राहिली. वहिनीने तिच्यापुढची ताटली उचलली आणि जाता जाता खांद्यावर हात ठेवला.

"लिहायला जमत नसेल तर लिहू नका. पण काहीतरी करा बाई."

नमुना परत पाठवायच्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली. डबी तिच्याच बाकावर होती. नमुन्याच्या पट्टीवर, एका कडेला, दोन सोनेरी ठिपके मोकळे होते. कशाला न जोडलेले, अडीअडचणीला असावेत म्हणून ठेवलेले. तिथे काही लावले तर लेसरला ना फायदा ना तोटा. पण नमुना जसाच्या तसा परत करायचे ठरले होते, आणि दुसऱ्याच्या वस्तूला तिने आयुष्यात कधी बोट लावले नव्हते. तिने हात मांडीवर ठेवले. उचलले. पुन्हा ठेवले.

मग तिने डोक्यातला एक पांढरा केस उपटला, तीन तुकडे केले, एकावर एक ठेवले.

सुई पहिल्या मोकळ्या ठिपक्यावर टेकली. थरथरली. हात वर उठला, तीन आठवडे दाबून ठेवलेला, आणि आपणहून ती जुनी कमान घेऊन दुसऱ्या ठिपक्यावर उतरला. पूल झाला. कुठूनही कुठे न जाणारा, तीन केस उंच. तिने श्वास सोडला. खोलीत "लागली" म्हणायला कुणी नव्हते.

वहीत तिने लिहिले: नमुना. तार एक. ढील तीन केस. पुढे "कशासाठी" हा रकाना होता. पेन तिथे टेकवून ती थांबली. काही लिहिले नाही. बावीस वह्या आणि या तेविसाव्या वहीत मिळून तो पहिला रिकामा रकाना.

दहा वाजता डॉक्टरीणबाईने झाकण बसवले आणि डबी गेली.

त्यानंतरचे दिवस तिने बाहेरून नेहमीसारखेच काढले. पण टपालाची पिशवी आली की तिची सुई वरच्या वर थांबे. डबी कुणी उघडली नसेल तर? उघडली, पण उघडणारा दुसराच कुणी असेल तर? तो आता तिथे नसेलच, निवृत्त झाला असेल, त्या आठ तारा त्याच्या शेवटच्याच असतील. किंवा त्याने पाहिली असेल, चुकीची तार म्हणून चिमट्याने ओढून काढली असेल, आणि हात झटकले असतील. नियमाप्रमाणे तेच करायचे असते. तिनेही तेच केले असते. वहिनी रोज संध्याकाळी दार उघडताना तिच्या तोंडाकडे बघे आणि काही न विचारता आत जाई.

सात आठवड्यांनी, दुपारी, डॉक्टरीणबाई एक कागद घेऊन आली.

"मावशी, कंपनीचा तपासणी अहवाल आलाय, आपण परत केलेल्या नमुन्याचा. पण यात काहीतरी गंमत आहे. ऐका." कागद परक्या भाषेत होता, ती आपल्या भाषेत करून वाचू लागली. "झाकण ठीक. चिप ठीक. मूळ तारा आठ, ठीक. मोकळ्या ठिपक्यांवर एक जादा तार आढळली." ती थांबली. "जादा तार? ही आपण लावली?"

"मी लावली," तारमावशी म्हणाली.

डॉक्टरीणबाईने तिच्याकडे पाहिले. का, हा प्रश्न तिच्या ओठांपर्यंत आलेला दिसला, पण तारमावशीचा चेहरा पाहून तो तिथेच राहिला. तिने नजर पुन्हा कागदावर नेली.

"यापुढचं छापलेलं नाही, हातानं लिहिलंय. कमानीची उंची: तीन केस." ती हसली. "हे कसलं माप? तिकडे सहस्रांशाच्या खाली बोलत नाहीत, आणि हा कोण केसांनी मोजणारा?"

तारमावशीने बाकाची कड धरली होती. तिने श्वास धरला आहे हे तिला स्वतःलाही कळले नव्हते.

"कार्यात बाधा नाही," डॉक्टरीणबाई वाचत होती, आता जरा सावकाश. "तार पक्की आहे. आणि शेवटी, खाली रेघ मारून: काढू नये."

"काय म्हणालात?"

"काढू नये, मावशी. ही तार काढू नये, असं लिहिलंय."

तारमावशीने श्वास सोडला.

कोपऱ्यातून, मान वर न करता, कुणीतरी म्हणाले, "लागली."